भिंतीवरचं देणं

१९१८ साली पावसानं ओढ दिली ती दिलीच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, आणि लोक आभाळाकडं डोळे लावून बसलेले असतानाच मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. मुंबई बंदरात पावसाळ्याच्या तोंडावर उतरलेला हा ताप आधी साधाच वाटला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो पालटून आला, तेव्हा चालताबोलता माणूस चौथ्या दिवशी तिरडीवर दिसू लागला. हैदराबादहून मनमाडला जाणारी निजामाची आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. तिच्या वाटेवर गोदावरीकाठी बासरचं स्टेशन आहे. सरस्वतीच्या देवळात पोरांना पहिलं अक्षर गिरवायला आणणारी माणसं ज्या डब्यांतून उतरत, त्याच डब्यांतून तापही उतरला आणि बैलगाड्यांत बसून मुधोळ, भैंसा करत खेडोपाडी गेला.

या तापाला एक वाईट खोड होती. एरवीची साथ म्हातारे आणि तान्ही पोरं उचलते. हिनं वीस ते चाळीस वयाची धडधाकट, कर्ती माणसं वेचून नेली. घराची तुळई काढून घ्यावी आणि दोन्हीकडच्या भिंती तेवढ्या उभ्या ठेवाव्यात, तसं गावोगाव झालं. आजे उरले, नातवंडं उरली, मधलं कोणी उरलं नाही. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा हैदराबाद संस्थानची माणसं १ कोटी ३३ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर आलेली होती. सगळीच मानमोडीनं नेली असं नाही, प्लेग आणि दुष्काळाचाही त्यात वाटा होता. पण दहा वर्षांत वाढायच्या ठिकाणी नऊ लाख माणसं कमी भरावीत, हा आकडा वाचून पान उलटवत नाही.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना गड लागतात, तलवारी लागतात, निदान एखादा तह तरी लागतो. मानमोडीच्या साली रस्त्यावर आलेल्या पोरांवर बखर कोण लिहिणार? त्यामुळं पुढची गोष्ट रचावी लागली. साल खरं, गाव खरं, तिथला धंदा आणि तिथली रीत खरी. माणसं मात्र कल्पनेतली आहेत. त्यांना मी नावं दिलेली नाहीत, नात्यांवर भागवलं आहे.

मुधोळ तालुक्यातल्या एका खेड्यात आई सोमवारी गेली, बाप गुरुवारी गेला. हा तालुका तेव्हा नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुधोळ, भैंसा, कुबेर ही गावं आंध्राकडं गेली, आणि आज ती निर्मल जिल्ह्यात आहेत. बोली मात्र पुष्कळ घरांत अजून मराठीच आहे. तर बापाच्या तेराव्याला चुलत्यानं बैल आपल्या दावणीला बांधला, धान्याची कणगी आपल्या घरात सरकवली आणि पोरांना म्हणाला, "दुष्काळाचं साल हाय. माझीच चार तोंडं हायत." थोरली बारा वर्षांची, धाकटा आठचा. निर्मलला तळी आहेत, तिथलं पाणी अजून आटलेलं नाही, असं वाटेवरच्या लोकांकडून ऐकून दोघं त्या लोंढ्यामागं चालत राहिली.

निर्मलमध्ये झोपायला जागा मिळाली ती एका वडाखाली. इतर निराश्रित तिथं फिरकत नव्हते. १८६० मध्ये रामजी गोंड आणि त्याचे साथीदार निजामाच्या आणि इंग्रजांच्या विरुद्ध लढले, पकडले गेले, आणि याच वडाला त्यांना फाशी दिलं. एक हजार माणसं लटकवली असं लोक सांगत, म्हणून हजार फासांचा वड हेच त्याचं नाव पडलं होतं. धाकट्यानं विचारलं, "भुतं असतील का गं?" थोरली म्हणाली, "असली तर असू दे. ती काय भाकरी मागत न्हाईत."

खेळणी घडवणाऱ्या नक्काशांची आळी तिथून लांब नव्हती. निर्मलची लाकडी खेळणी आणि सोनेरी चित्रं आज सरकारी दुकानांत मिळतात, भेटीदाखल दिली जातात. तेव्हा ती आळीतल्या ओसऱ्यांवर वाळत घातलेली असत. पोणकी नावाचं एक झाड या डोंगरांत होतं. त्याचं लाकूड पांढरं, मऊ आणि इतकं हलकं की हातात घेतल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. त्याची फळं कोरायची, पाखरं कोरायची. हरणाचं धड वेगळं, पाय वेगळे, शिंगं वेगळी घडवायची आणि मग जोडायची. जोडायला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, तांबडी टरफलं काढायची, भिजत घालून पाट्यावर वाटायचे आणि शिजवायचे. त्यात लाकडाचा भुसा मळला की लापी तयार होते. सांधे, खड्डे, भेगा या लापीनं बुजवून घासल्या की जोड कुठं आहे हे करणाऱ्यालाही सापडू नये. वरून पांढऱ्या मातीचा हात आणि मग रंग.

एका ओसरीवर म्हातारा पेरू रंगवत बसला होता. पोरं त्याला पुढं ताता म्हणू लागली, आळीत सगळेच तेलुगूत आजोबाला म्हणतात तसं. त्याचा मुलगा आणि सून ऑक्टोबरात एकाच आठवड्यात गेली होती. धंदा बसला होता, दुष्काळात खेळणी कोण घेतो? तरी तो पेरू रंगवत होता, कारण दुसरं काही त्याला येत नव्हतं. तो रंगाची वाटी आणायला आत गेला आणि धाकट्यानं टोपलीतला एक पेरू उचलून कचकन चावा घेतला.

म्हातारा बाहेर आला तेव्हा पोराच्या ओठाला हिरवा रंग लागलेला, पेरूवर चार दातांचे खड्डे, आणि पोरगं रडतही नव्हतं. ते दुसऱ्या हातानं खळीच्या मडक्यातून बोटं भरभरून खात होतं.

"थू," म्हातारा म्हणाला. "त्यात भुसा आहे."

पोरानं थुंकलं नाही.

थोरली धावत आली. तिनं भावाच्या पाठीत धपाटा घातला, पेरू पदरानं पुसून टोपलीत ठेवला आणि हात जोडून उभी राहिली. म्हातारा काही बोलला नाही. त्यानं गेरूचा खडा घेतला, ओसरीच्या पांढऱ्या मातीनं पोतेरलेल्या भिंतीवर एक पेरू काढला, पेरूला चार दात काढले आणि त्याच्यापुढं एक ठिपका दिला. शेजारी मडकं काढलं, आणखी एक ठिपका.

"ठिपका म्हणजे आणा," तो मोडक्या मराठीत म्हणाला. निर्मलच्या बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू तिन्ही चालत, तेव्हा प्रत्येकाला प्रत्येकाचं कामापुरतं येत असे. "दोन आणे झाले. हाली सिक्का. फेडल्याशिवाय जायचं नाही."

"पैसं न्हाईत," थोरली म्हणाली.

"मग घासायला बस."

अशी ती राहिली. दया म्हणून ठेवलं असतं तर थोरली तिसऱ्या दिवशी उठून गेली असती. चुलत्याच्या दारात उभं राहून तिला दयेचा भाव कळला होता. इथं देणं होतं, आणि देणं फेडता येतं. रात्री शेजारची म्हातारी अव्वा तिला आपल्या घरात झोपायला नेई, धाकटा ताताच्या ओसरीवर पोणकीच्या भुशात झोपे. दिवसभर दोघं घासत. हरणाचे पाय, राघूची चोच, लाकडी केळ्यांचे घड. ताता सकाळी भाकरी दिली की भिंतीवर भाकरी काढी. दहा हरणं घासून झाली की ओल्या बोटानं एक ठिपका पुसे. त्याला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं सगळा हिशोब चित्रांचा होता. आण्याला ठिपका, रुपयाला उभी रेघ. घोंगडी काढली तेव्हा तिच्या काठाची नक्षीसुद्धा त्यानं सोडली नाही. उसनवारीच्या नोंदीत नक्षी कशाला, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. हात थांबत नव्हता एवढंच.

थोरली चिंचोके मोजी. एक चिंचोका म्हणजे एक आणा, असा तिचा स्वतःचा हिशोब एका फुटक्या सुगडात होता. तिची नजर तीक्ष्ण होती आणि बापाच्या मरणाआधीच तिला हिशोबाची धास्ती बसलेली होती. बापानं एका लग्नासाठी सावकाराकडून रक्कम उचलली होती. फेडत राहिला, पण वहीतला आकडा वाढतच गेला, आणि एक दिवस रान सावकाराचं झालं. बापाला वाचता येत नव्हतं. तो अंगठा टेकवून यायचा आणि घरी येऊन तो अंगठा धूत बसायचा. ते थोरलीनं पाहिलं होतं.

माघात तिच्या लक्षात आलं की सुगडातले चिंचोके आणि भिंतीवरचे ठिपके जुळत नाहीत. तिच्या मोजणीनं देणं चार रुपयांवर उतरायला हवं होतं. भिंतीवर नऊ रेघा होत्या. रात्री सगळे झोपल्यावर म्हातारा दिवा घेऊन काहीतरी काढतो, हे धाकट्यानं सांगितलं. तरी ती गप्प राहिली. फाल्गुनात एके सकाळी झाडलोट करताना ती भिंतीशी थबकली. काल नसलेला एक लोटा तिथं उभा होता, काठोकाठ भरलेला.

"ताता, ह्यो लोटा कशाचा?"

"दुधाचा."

"कुटलं दूध? कुणी पेलं?"

"उद्या प्याल. पोराला खोकला आहे."

"मग उद्या मांडा की. आजच का मांडलं?"

"मांडलं की मग आणावंच लागतं," ताता म्हणाला आणि राघूच्या शेपटीला रंग देऊ लागला.

तिला हे पटलं नाही. का पटावं? न घेतलेलं लिहून ठेवणारा माणूस तिनं एकच पाहिला होता. ताता दुपारी पोणकी आणायला डोंगराकडं गेला, तेव्हा तिनं पांढरी माती कालवली, पोतेरं भिजवलं आणि भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून काढली. पेरू गेला, मडकं गेलं, घोंगडीची नक्षी गेली. धाकटा नुसता बघत राहिला.

संध्याकाळी ताता आला. लाकडाची मोळी उतरवली, भिंतीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पोतेरं एकसारखं फिरलंय," तो म्हणाला. "खालच्या कोपऱ्यात मात्र दाट बसलं. पोपडा धरेल."

"आमच्या बापाचं रान असंच गेलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती म्हणाली. "तुमी खोटं मांडता."

"हो."

एवढंच. त्यानं भाकऱ्या वाढल्या. त्या रात्री भिंतीवर काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलता आला. त्याच्यासोबत देशमुखाचा कारभारी होता.

पाडवा तोंडावर आला होता. गड्यांचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच सुरू होतं, त्यामुळं फाल्गुनाच्या अखेरीस जिकडंतिकडं माणसांची देवघेव चाले. निजामाच्या तेलंगणी मुलखात भगेला नावाची एक रीत होती. कर्ज घ्यायचं आणि फिटेपर्यंत स्वतः राबायचं, नाहीतर घरातला एक माणूस राबायला द्यायचा. मजुरी म्हणून थोडी ज्वारी मिळे, व्याज वाढत जाई, आणि बाप मेला की मुलगा त्याच देण्याला जुंपला जाई. अशा करारांना आळा घालणारा कायदा हैदराबाद सरकारनं केला तो १९३६ साली, आणि तो झाल्यावरही रीत काही लगेच उठली नाही. चुलत्यानं दुष्काळात देशमुखाकडून चाळीस रुपये उचलले होते. आता ते फेडायला त्याला आठवलं की आपल्याला एक पुतण्या आहे.

कारभाऱ्यानं धाकट्याला पुढं ओढलं. दंड चाचपला, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि दात पाहिले. गोऱ्हा घेताना पाहतात तसे. "लहान हाय," तो म्हणाला, "पण गुरं राखील."

थोरली खांबाला धरून उभी होती. ते दात पाहणं तिनं पाहिलं.

"घेऊन जा," ताता म्हणाला. चुलत्याचा चेहरा उजळला. "पण पोरगं माझं देणं लागतं. ते आधी चुकतं करा."

आता इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. एकाचं देणं असलेला गडी दुसऱ्यानं न्यायचा तर पहिल्याचं देणं नेणाऱ्यानं फेडायचं, हा नियम नक्काशांनी केलेला नव्हता. तो देशमुखांचाच होता. त्यांच्या वाड्यांवरचे शेकडो गडी याच नियमानं बांधलेले असत. कारभारी जन्मभर त्याच नियमावर भाकरी खात आला होता. त्यानं तो आज निर्मलच्या ओसरीवर मोडला असता, तर उद्या शेजारच्या देशमुखानं त्याच्या मालकाचे गडी नेले असते. त्यामुळं तो संतापला नाही. ओसरीवर बूड टेकलं आणि म्हणाला, "किती?"

"मांडलेलं आहे."

"कुठं?"

तातानं भिंतीकडं बोट केलं. कालच्या पोतेऱ्यानं भिंत पांढरीफटक होती. चुलता खो खो हसला. एव्हाना आळीतले तीन बुजुर्ग नक्काश येऊन बसले होते, शेजारची अव्वा दारात उभी होती. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं, मुलगा गेल्यापासून फिरलंच आहे, असं कुणीतरी तेलुगूत पुटपुटलं.

थोरली पुढं झाली. कोनाड्यातला गेरूचा खडा तिनं उचलला.

"मी काल भित सारवली," ती कारभाऱ्याला म्हणाली. "शिमग्याची घाण झालती. पर मला समदं ठावं हाय."

आणि तिनं पेरू काढला. पहिली रेघ थरथरली, दुसरी थरथरली नाही. पेरूला चार दात काढले, पुढं ठिपका दिला. मडकं काढलं. भाकऱ्यांची ओळ काढली. कार्तिकातल्या भाकऱ्या, मार्गशीर्षातल्या भाकऱ्या. पौषात दोन दिवस चूल पेटली नव्हती, तिथं तिनं जागा सोडली. तेलाची पळी, मिठाचा खडा, धाकट्याच्या अंगरख्याचं कापड, अव्वानं आणून दिलेला काढा. घोंगडी काढली आणि तिच्या काठाची नक्षी भरायला बसली, तेव्हा कारभारी म्हणाला, "नक्षी ऱ्हाऊ दे, पुढं चल." तिनं ऐकलं नाही. पाच महिने ती लाकडाच्या पायांवरून भुसा घासत होती आणि म्हाताऱ्याचा हात पाहत होती. ब्रश तिच्या हातात कुणी दिलेला नव्हता. नक्काशाची विद्या घराबाहेर जात नसे, पोरीबाळींच्या हाती तर नाहीच, आणि परक्याच्या पोरीच्या हाती देणं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

बुजुर्गांपैकी सर्वांत वयस्क होता तो पुढं सरकला. त्यानं घोंगडीच्या काठावरची वेल डोळे बारीक करून पाहिली.

"हिला हात कुणी दिला?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," ताता म्हणाला. "देणं फेडायला बसलेली आहे."

बुजुर्गानं पुढं काही विचारलं नाही, पण तो परत आपल्या जागेवरही गेला नाही. भिंतीजवळच बसून राहिला.

शेवटी थोरलीनं लोटा काढला. काठोकाठ भरला.

"हे काय?" कारभाऱ्यानं विचारलं.

"दूध."

"दुष्काळात दूध? ह्या पोरांना?"

"भावाला खोकला झालता. पेलं त्यानं." ती धाकट्याकडं वळली. "पेलं का न्हाई रं?"

धाकट्यानं दूध कार्तिकापासून पाहिलेलं नव्हतं. त्यानं बहिणीकडं पाहिलं, भिंतीवरच्या लोट्याकडं पाहिलं. "पेलं," तो म्हणाला. मग स्वतःहून भर घातली, "साय पण होती."

कारभाऱ्यानं बोट फिरवत रेघा मोजल्या, ठिपके मोजले, पुन्हा मोजले. तेवीस रुपये अकरा आणे. चाळीस चुलत्याचे, तेवीस इथले. त्रेसष्ट रुपयांत गुरं राखायला आठ वर्षांचं खोकणारं पोरगं. त्यानं चुलत्याकडं पाहिलं. "ह्यांचं तू फेडतोस?"

"मालक, माझ्याकडं कुठलं..."

"मग पाडव्याला तू ये," कारभारी म्हणाला. "दात दाखवायची गरज न्हाई."

चुलता पायऱ्या उतरताना थोरलीकडं रागानं बघून गेला. तिचं लक्ष नव्हतं, ती गेरूनं तांबडा झालेला हात धूत होती. धुता धुता तिला काय आठवलं असेल ते मी सांगत बसत नाही. बुजुर्गांनी जाताना एवढंच म्हटलं की हिशोब चारचौघांसमोर झाला आहे, आता ही भिंत कुणी पुसायची नाही. ज्याला पुसायची असेल त्यानं तेवीस रुपये अकरा आणे आणून ठेवावेत.

ओसरी रिकामी झाली. ताता आपल्या जागेवर बसला, राघू हातात घेतला, पण ब्रश वाटीत बुडवलाच नाही. तो भिंतीकडं बघत होता. आधी घोंगडीकडं, मग तेलाच्या पळ्यांकडं, मग पुन्हा घोंगडीकडं.

"माझ्या हिशोबानं नऊ रुपये होते," तो म्हणाला.

"व्हय."

"तू तेवीस केलेस."

"नवाला चुलता कुठूनतरी आणला असता. मामाकडनं आणला असता." थोरलीनं हात पदराला पुसले. "तुमी पण खोटंच मांडत व्हता. थोडं थोडं मांडत व्हता म्हणून मला राग आला."

"घोंगडी एकच दिली होती."

"दुसरी द्या मग. पाडव्यानंतर थंडी नसती, दसऱ्याला दिली तरी चालंल."

धाकटा हळूच भिंतीजवळ गेला आणि लोट्याच्या तोंडाशी बोट नेलं. गेरू अजून ओला होता, बोटाला लागला.

"ताता," थोरली म्हणाली, "पाच माणसांत सांगितलंय की दूध पेलं म्हणून. आता मला खोटी पाडू नका."

ताता उठला. कोनाड्यातला पितळी लोटा काढला, राखेनं घासला, कमरेची चंची चाचपून पाहिली आणि पायरीवर जाऊन थांबला.

"मी अर्धा शेर काढलं होतं," तो म्हणाला.

"मी शेरभर काढलंय," थोरली म्हणाली. "आणि साय त्यानं कबूल केलीय. म्हशीचं आणा."